बाण डावीकडेच जातात

९ नोव्हेंबर

निवृत्त होऊन नऊ दिवस झाले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढली, त्याबद्दल शाल, श्रीफळ आणि ही वही मिळाली. शाल बाळाबाईनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, कपाटात टाकली. नारळाची चटणी झाली. वहीबद्दल ती म्हणाली, "दिवसभर आमच्या डोक्याशी बडबडण्यापरास त्यात लिवत बसा." सूचना प्रेमळ होती, म्हणून पाळतो आहे.

सकाळी फिरायला गेलो तर गुंडू भेटला. हा बॉयलरवर होता, माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला आणि तेव्हापासून जगाला शहाणपण वाटतो. १ फेब्रुवारीला पन्हाळ्यावर पारंपरिक धनुष्यांचा मेळावा आहे, त्यात हा बाण मारणार म्हणे. चाळीस जणांसमोर मला म्हणाला, "तुमी काय करताय आता इंगवले? टीव्ही बगताय?"

मी म्हटलं, "मीबी येतोय की पन्हाळ्याला."

"धनुष्य हाय का?"

"घरात हाय."

खोटं नव्हतं. सुनेच्या माहेरच्या सामानात एक लाकडी धनुष्य आलं होतं, टोकं पुढं वळलेली, झकास पॉलिश. सहा वर्षं कपाटावर कापडात गुंडाळून पडलंय. घरी येऊन उतरवलं. पडून राहण्यापेक्षा वापरात आलेलं बरं. वर्षाराणी, म्हणजे सून, दारात उभी होती. खाली पडलेलं कापड घडी घालून घेऊन गेली. ही सून एकंदर कमी बोलते. तिचा तो मोठा गुण आहे.

१२ नोव्हेंबर

धनुष्याला दोरी चढवायची म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. अर्धा तास झटापट केली. एकदा ते हातातून सुटून माझ्याच नडगीवर बसलं. शेवटी वर्षाराणी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, धनुष्य पायात अडकवलं आणि एका झटक्यात दोरी चढवून परत पोळ्या करायला गेली. कणीक मळून मळून बायकांच्या बोटांत ताकद येते ती अशी.

१४ नोव्हेंबर

बाण पाहिजेत. चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, हातकणंगल्याचे मीरासाब. लेथवर खाटेचे पाय आणि लाटणी करतात, आणि बापजाद्यापासून बाण. फोन लावला.

"किती पौंडाची ओढ हाय साहेब?" त्यांनी विचारलं. धनुष्य पूर्ण ओढायला किती जोर लागतो, त्याला हे लोक ओढ म्हणतात.

मी म्हटलं, पन्नास.

आता वहीशी काय लपवायचं. धनुष्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात ३८ लिहिलंय. पण ते माहेरच्या हिशेबानं लिहिलेलं. पुरुषमाणसानं ओढल्यावर पन्नास होणारच. काट्यावर बत्तीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलो, "अंदाज घरी ठेवा, गाडी काट्यावर घ्या." पण तो उसाचा प्रश्न होता.

मीरासाब म्हणाले, "एकदा धनुष्य घिऊन या की. काट्याला लावून बगू."

"काट्याचं मला सांगू नका," मी म्हटलं. बारा बाणांची ऑर्डर दिली आणि फोन ठेवला.

२ डिसेंबर

बाण आले. माणूस कसबी आहे, मान्य केलं पाहिजे. सोबत चिठ्ठी: बाणाची प्रत्येक काडी दोन खिळ्यांवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगलं, ती किती वाकते ते मोजलं, आणि सारख्या वाकणाऱ्या बाराच निवडल्या. मग सोनाराच्या काट्यावर वजनं जुळवली. बाराही बाण सख्ख्या भावांसारखे. सख्ख्या भावांपेक्षा बरे, कारण यांच्यात एकमत आहे.

एकमत असं, की बाराही डावीकडे जातात.

परसात उसाच्या पाचटाची जाड गादी करून उभी केली आहे, वर खडूनं गोल. पहिला बाण गादीच्या डाव्या कडेला. दुसरा पपईच्या झाडात. पाचवा शेजारच्या बायडाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "इंगवलेभावजी, माझ्यावर काय राग हाय का?"

बाळाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाली, "गादीच जरा डावीकडं सरकवा की."

५ डिसेंबर

मीरासाबांना फोन केला आणि त्यांच्या बाणांबद्दल माझं मत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाण सरळ निघत नाही साहेब. सुटला की मासळीगत वळवळतो, धनुष्याच्या दांडीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. ओढीच्या मानानं काडी ताठ असेल तर ती वाकतच नाही, दांडीला धडकून डावीकडं फेकली जाते. लवचीक जास्त असेल तर उजवीकडं.

"म्हंजे माज्या काड्या तुमच्या ओढीला ताठ पडत्यात," ते म्हणाले. "आकडा बरोबर सांगितलासा न्हवं?"

आता हा प्रश्न मला विचारायचा! मी म्हटलं, पन्नास म्हणजे हवामानाप्रमाणं थोडं कमीजास्त. थंडीत लाकूड आखडतं. फार तर पंचेचाळीस धरा.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. मग विचारलं, "कुठलं धनुष्य म्हणायचं हे? कुणी केलेलं?"

मी सांगितलं, सुनेच्या माहेरचं, हातकणंगल्याचंच.

"वर्षाराणीचं? मास्तरांच्या पोरीचं? आवो मग ती ओढती तवा बाण कुठं जातोय?"

"तिचा काय संबंध?" मी म्हटलं. "बरं बरं," ते म्हणाले आणि फोन तुटला. हातकणंगल्याला रेंज नसते.

११ डिसेंबर

घरात कुणीतरी खोड्या करतंय. मी संध्याकाळी धनुष्य दोरी चढवलेलंच भिंतीला लावून ठेवतो, म्हणजे सकाळी परत तो द्राविडी प्राणायाम नको. आणि रोज सकाळी दोरी उतरवलेली असते. बाळाबाईवर संशय आहे. विचारलं तर म्हणाली, "मला काय तेवढंच काम हाय व्हय?"

दुसरी गोष्ट मात्र आनंदाची. आज सकाळी फिरून आलो तर गादीच्या बरोबर मध्यभागी एक बाण रुतलेला. काल संध्याकाळी, दिसेनासं झाल्यावर मी शेवटचा एक सोडला होता, तोच असणार. म्हणजे न बघता मारला की माझा नेम अचूक आहे. हात तयार होतोय, डोळे मधे येतात. ही गोष्ट गुंडूला सांगितली. तो म्हणाला, "मग पन्हाळ्याला डोळे बांधून या."

२० डिसेंबर

दुसरे बारा आले, पंचेचाळीसवाले. डावीकडं. पण कमी डावीकडं. चादर वाचली, पपई नाही.

मेळाव्याचा अर्ज मोबाईलवर भरायचा असतो. वर्षाराणीनं भरून दिला. दोन गट आहेत, पस्तीस पौंडांच्या वरचा आणि खालचा. खालच्यात नवखे आणि शाळेतली पोरं. तिनं विचारलं, "कुठला गट टाकू मामा?" मी नुसतं बघितलं. तिनं वरचा टाकला.

"पूर्ण नाव?"

"नुसतं इंगवले, कसबा बावडा, एवढं टाक. जिल्ह्यात कळतंय कोण ते."

मग तिनं खालची ओळ वाचून दाखवली: प्रत्येकाची ओढ मैदानावर त्याच्या हातानं ओढून काट्यावर मोजली जाईल आणि माईकवर जाहीर केली जाईल.

मी म्हटलं, छान. पारदर्शक कारभार पाहिजेच.

जेवण गेलं नाही. आमटी तिखट होती.

३ जानेवारी

उजवा खांदा दुखतोय. रोज चाळीस बाण मारतो, त्यातले चाळीस डावीकडं. गादीच्या मध्यभागी मात्र पाचट झिजून मूठभर खड्डा पडला आहे. उंदीर असावेत.

११ जानेवारी

आज शेवटी धनुष्य घेऊन हातकणंगल्याला गेलो. खांद्यामुळं गाडी चालवणं होईना, म्हणून वर्षाराणीनं स्कूटर घेतली. मी मागं, मांडीवर धनुष्य. रुकडीपर्यंत ओळखीचे सहाजण भेटले.

मीरासाब सत्तरीचे, पांढरी टोपी, अंगावर भुसा. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, दोरीचा वास घेतला आणि वर्षाराणीला म्हणाले, "दोरी उतरवून ठिवतीस न्हवं पोरी? लाकूड जिवंत हाय आजून."

"व्हय चाचा. रोज उतरवते."

मी तेव्हा छताकडं बघत होतो.

आढ्याला लोखंडी आकडा, त्याला ताणकाटा टांगलेला. दोरी आकड्यात अडकवायची आणि धनुष्य आपल्या रोजच्या ओढीइतकं खाली खेचायचं. मी खेचलं. हनुवटीपर्यंत आणायचं असतं म्हणे, मी आणलं तेवढं आणलं. मीरासाबांनी चष्मा लावला.

"एकतीस."

मी म्हटलं, "काटा बिघडलाय."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं रोज ऐकलं. थंडीत, पहाटे, दोनशे गाड्यांच्या रांगेत, प्रत्येक दुसरा शेतकरी हेच म्हणायचा. आणि मी खिडकीतून म्हणायचो, "काटा बिघडत नसतोय पावणं, नजर बिघडती." आज तेच वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं की मीच इकडंतिकडं बघितलं, कोण बोललं म्हणून.

मीरासाब म्हणाले, "व्हय, आसंल बिघडला." फार सभ्य माणूस. मग त्यांनी धनुष्य तिच्या हातात दिलं. "तू बग गं."

तिनं पदर खोचला, खेचलं. हात सरळ, पाठ सरळ, दोरी पार हनुवटीखाली. काटा एकोणचाळीसवर जाऊन उभा राहिला आणि ती तशीच उभी, त्यांनी आकडा वाचून सोड म्हणेपर्यंत.

काटा बिघडलाय हे यावरून सिद्धच झालं, असं मी लिहिणार होतो. राहू दे.

मीरासाबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब, नवे बाण किती आकड्याचे करू?" चार पावलांवर ती उभी, लेथवरचे दोन कारागीर उभे. एकतीस म्हणायचं होतं. जिभेनं एकोणचाळीस म्हटलं. तीन आठवडे आहेत, व्यायाम करू, ओढ वाढेल.

"एकोणचाळीस," मीरासाब म्हणाले आणि का कोण जाणे, खूश झाले. मग मागच्या बोळात बाण जुळवणं सुरू झालं. त्यासाठी कुणीतरी बाण मारून दाखवायला लागतो. माझा खांदा दुखत होता, म्हणून तिनं मारले. आधी पिसं लावलेला बाण, मग बिनपिसांचा. पिसं चूक झाकतात, बिनपिसांचा बाण ताबडतोब चुगली करतो. तो डावीकडं रुतला की मीरासाब टोकाला जड लोखंड बसवायचे, म्हणजे काडी जास्त लवते. उजवीकडं गेला की काडी थोडी कापायचे. दोन तास. शेवटी पिसांचा आणि बिनपिसांचा, दोन्ही एकमेकांना चिकटून बसले. तिथं पोचेपर्यंत दोघांनी मिळून वीसेक शब्द वापरले असतील. मी स्टुलावर बसून तीन चहा घेतले.

२३ जानेवारी

नवे बाण डावीकडं जातात.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो होतो. पाहुणे आलेच नाहीत, त्यामुळं भाषण टळलं, लवकर परत आलो. मागच्या दारानं परसात आलो आणि शेवग्यापाशी थांबलो.

वर्षाराणी बाण मारत होती. साडीचा पदर कमरेला, पायात चप्पल नाही. एक, दोन, तीन. सहा बाण, सहाही त्या मूठभर खड्ड्यात. उंदीर नव्हते. सहावा पाचव्याला घासून बसला तेव्हा झालेला आवाज मला अजून ऐकू येतोय. तिचा चेहरा मी सहा वर्षांत तसा बघितला नव्हता. आमच्या घरात तो चेहरा नव्हताच.

मग तिला मी दिसलो. तिनं धनुष्य असं पटकन खाली ठेवलं जसं काही चोरलं होतं.

"चुकलं मामा. इचारायला पायजे हुतं."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. तिचं धनुष्य, तिच्या हातावर जुळवलेले बाण, आणि विचारायचं मला. मी काय म्हणालो? "चहा टाक" म्हणालो.

संध्याकाळी बाळाबाईला विचारलं, "हिनं खेळणं का सोडलं?"

ती शेंगा निवडता निवडता थांबली. "राज्याच्या स्पर्धेपातूर खेळल्याली पोरगी. लग्नाच्या बोलणीत तुमीच म्हणालासा की, आमच्यात सुना मैदानावर जात न्हाईत."

"मी असं म्हणालो नाही. मी म्हणालो, सध्या नको."

"व्हय. सहा वर्षं झाली त्या सध्याला."

राजवर्धन, आमचा मुलगा, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, मी तवा बोलायला पायजे हुतं." बोलला नाही, हे खरं आहे. बापाचा वारसा मालमत्तेतच येतो असं नाही.

२८ जानेवारी

आज एकही बाण मारला नाही. सकाळी सवयीनं धनुष्याला चढवलेली दोरी संध्याकाळी मी स्वतः उतरवली. नडगीवर बसलं. हरकत नाही.

पण पन्हाळ्याला न जाणं शक्य नाही. गुंडूनं सगळ्या बावड्याला सांगून ठेवलंय. जाऊन काट्यावर एकतीस दाखवायचे, शाळेच्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं आणि तिथंही डावीकडं मारायचं. किंवा खांदा दुखतो म्हणून घरी बसायचं. असल्या सबबी मी शेतकऱ्यांकडून ऐकल्या आहेत. सगळ्यांवर मी हसलो आहे.

१ फेब्रुवारी

पन्हाळा. सगळे गेलो, राजवर्धननं गाडी चालवली, बाळाबाईनं डबा घेतला. धनुष्य माझ्या हातात, बाणांचा भाता वर्षाराणीच्या खांद्यावर. मैदानावर वारा होता. टेबलाशेजारी तिपाई, त्यावर ताणकाटा. गुंडूची ओढ छत्तीस भरली होती. ती माईकवर एकदा सांगितली गेली आणि त्यानं स्वतः अकरा वेळा सांगितली.

"इंगवले, कसबा बावडा!"

पुढं गेलो. काट्यावरचा पोरगेलासा माणूस मला म्हणाला, "ओढा काका." गुंडू टेबलाला कोपर टेकून उभा होता. सबब तयार होती, रात्रभर घोकली होती. काट्याकडं बघितलं. चांगला काटा होता, ताजा तपासलेला, शिक्का मारलेला. अशा काट्यासमोर खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही.

म्हटलं, "धनुष्य माझं न्हाई. हिचं हाय. ओढ हिच्या हातानं मोजा."

हळू म्हणालो होतो, पण बत्तीस वर्षं ट्रकवाल्यांवर ओरडून माझं हळू असंच झालंय, आणि माईक चालू होता. मैदानभर गेलं.

वर्षाराणी पांढरी पडली. "मामा, अर्जात तुमचं नाव..."

"अर्जात नुसतं इंगवले हाय. तू कोण हाईस मग?"

टेबलावरच्या बाईंनी नाव पूर्ण करून घेतलं. तिनं पदर खोचला, दोरी आकड्याला लावली, खेचली.

"एकोणचाळीस!"

गुंडूनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग कोपर टेबलावरून काढून घेतलं.

पहिले दोन बाण गोलाच्या बाहेर गेले, मैदानाची सवय सुटली होती. बाकीचे आत. चौथी आली. बक्षीस तिघांनाच होतं. सहा वर्षं मारलं असतं तर ते दोन बाण कुठं गेले असते, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मी बाळाबाईलाही विचारणार नाही.

परतताना गाडीत ती बोलायला लागली. वारा कुठून होता, तिसऱ्या फेरीत काय झालं, पुढचा मेळावा सांगलीला आहे, त्याला कुठल्या टोकाचे बाण लागतील. जोतिबाच्या फाट्यापासून बावडा येईपर्यंत थांबली नाही. ही सून कमी बोलते, असं या वहीत कुठंतरी लिहिलंय. ते खोडत नाही. कुणी लिहिलं ते राहू दे.

घरी आल्यावर तिला विचारलं, "अधूनमधून तुझं धनुष्य वापरलं तर चालंल का?"

"इचारताय काय मामा," ती म्हणाली. आत जायला निघाली, मग दारात थांबली. "तेवढी दोरी उतरवून ठिवत जावा."

मग मीरासाबांना फोन लावला. चौथ्या नंबराची बातमी त्यांना आधीच लागली होती. म्हटलं, "मीरासाबभाई, अजून एक डझन बाण पायजेत. माझ्यासाठी."

"किती आकड्याचे साहेब?"

"एकतीस."

पलीकडं लेथ बंद झाल्याचा आवाज आला. "ते व्हय," मीरासाब म्हणाले. "ते त्याच दिवशी करून ठिवल्यात. तुमी मागायची वाट बगत हुतो."